आईची अँजिओप्लास्टी, हातात केशरी कार्ड, तरीही पूर्ण बिल भरलं. सरकारी आरोग्य योजनांचा लाभ नेमका कसा मिळवायचा?

सांजवारा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढते आहे. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

गेल्या महिन्यात आई आमच्याकडे पुण्याला आली होती. वय ६८, बीपीची गोळी सोडली तर काही त्रास नाही. एका रात्री अडीचच्या सुमाराला उठून बसली आणि म्हणाली, "डावा हात भरून आलाय गं." पदर घामाने भिजला होता. रिक्षा करून जवळच्या मोठ्या खासगी रुग्णालयात नेलं. ईसीजी, लगेच अँजिओग्राफी, दोन ठिकाणी ब्लॉक, दोन स्टेंट. काउंटरवर ६०,००० अनामत मागितली, ती नवऱ्याने दोन मित्रांना झोपेतून उठवून भरली. चौथ्या दिवशी घरी सोडलं. बिल २ लाख ६२ हजार.

बिल भरायला जाताना लिफ्टच्या बाजूला, पाण्याच्या कूलरमागे एक छोटं टेबल दिसलं. भिंतीवर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा फलक. चार दिवस त्याच कूलरवर बाटली भरत होते, पण मान वर करून तो वाचला नव्हता. तिथे बसलेल्या मुलाला विचारलं तर म्हणाला, "ताई, हे योजनेत बसलं असतं. पण पहिल्या दिवशीच यायला हवं होतं. आता केस कॅशमध्ये झाली, स्टेंटही बसले. मागाहून मंजुरी मिळत नाही." मोबाईलमधला गावच्या रेशन कार्डाचा फोटो दाखवला. केशरी कार्ड. त्याने ते आधारशी ताडून पाहिलं आणि हळूच म्हणाला, "शिवाय नाव जुळत नाहीये." रेशन कार्डावर आईच्या नावापुढे 'बाई' आहे, आधारवर नाही. आडनावाचं इंग्रजी स्पेलिंगही दोन्हीकडे वेगळं.

माझं शिवणकाम आहे, नवऱ्याचं स्टेशनरीचं दुकान. पगारी नोकरी कुणालाच नाही, म्हणजे कंपनीचा विमा नाही. पाटल्या गहाण पडल्या. त्याचं दुःख आहेच, पण त्याहून जास्त लागतंय ते हे, की पैसे वाचू शकत होते आणि आम्हाला माहीतच नव्हतं.

मला विचारायचंय ते असं: बाबा ७३ वर्षांचे आहेत, त्यांच्यासाठी वेगळं काही आहे का? आईचं नाव कसं दुरुस्त करायचं? आम्ही दोघं आणि दोन मुलं, आमचंही केशरी कार्डच आहे, तर खासगी विमा घ्यायची गरज आहे का? आणि देव न करो, पण पुन्हा रात्री अडीच वाजता वेळ आली तर सगळ्यात आधी काय करायचं?

काजवा

ताई, आई आता बऱ्या आहेत ना? आधी ते सांगा.

सांजवारा

हो, सकाळी अंगणात चालतात. गावी गेल्या परत, भावाकडे.

रानजाई

सांजवारा ताई, तुमचं वाचून पोटात तुटलं, कारण त्या कूलरमागच्या टेबलावर मी सहा वर्षं बसले आहे. वेगळ्या जिल्ह्यात, वेगळ्या रुग्णालयात, पण आरोग्यमित्र म्हणूनच, म्हणजे रुग्णांना योजनेत नोंद करायला मदत करणारी. आता ते काम सोडलंय, त्यामुळे मोकळेपणाने लिहिते.

आधी योजना नीट समजून घ्या, कारण नावांचा घोळ फार आहे. महाराष्ट्रात २ जुलै २०१२ ला आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, पुढच्या वर्षी ती राज्यभर गेली. १ एप्रिल २०१७ पासून तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. केंद्राची आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना सप्टेंबर २०१८ ला आली आणि १ एप्रिल २०२० पासून आपल्या राज्यात दोन्ही एकत्र चालतात. तेव्हा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं आणि पांढरं कार्ड असलेल्यांपैकी बहुतेक जण बाहेर होते. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ते संरक्षण ५ लाख झालं, उपचारांची संख्या ९९६ वरून १३५६ झाली आणि पिवळं, केशरी, पांढरं, कोणतंही रेशन कार्ड असलेलं कुटुंब पात्र ठरलं. प्रत्यक्ष अंमल १ जुलै २०२४ पासून. म्हणजे "आमचं पांढरं कार्ड, आम्हाला काही मिळत नाही" हे आता जुनं झालं. अजूनही अर्ध्याहून जास्त लोक तेच धरून बसलेले मला भेटतात.

हप्ता शून्य. आधीपासूनचा आजार असला तरी पहिल्या दिवसापासून चालतो. वयाची अट नाही, कुटुंबात माणसं किती त्याची अट नाही.

आता दोन गैरसमज, ज्यांच्यामुळे टेबलावर रोज भांडणं व्हायची. एक, ५ लाख म्हणजे हातात मिळणारे ५ लाख नव्हेत. प्रत्येक उपचाराचं पॅकेज ठरलेलं असतं आणि ती रक्कम सरकारकडून रुग्णालयाला जाते. वर्षभरात कुटुंबातल्या सगळ्यांचं मिळून ५ लाखांपर्यंत. दोन, नुसतं भरती झालं म्हणून योजना लागू होत नाही. उपचार यादीत असावा लागतो. ताप आला, सलाईन लावलं, दोन दिवस ठेवलं, अशा गोष्टी बऱ्याचदा यादीत बसत नाहीत. बाह्यरुग्ण तपासणी, शुगर-बीपीच्या रोजच्या गोळ्या तर नाहीतच. हृदय, मूत्रपिंड, कर्करोग, मेंदूच्या शस्त्रक्रिया, भाजणं, हाडं, डायलिसिस, केमो, हे मात्र आहे. म्हणजे घर विकायला लावणारी दुखणी आहेत.

पॅकेजमध्ये जनरल वॉर्डचा बेड, डॉक्टरांची फी, भूल, औषधं, तपासण्या, रक्त, स्टेंट-रॉड यांसारखं साहित्य आणि रुग्णाचं जेवण येतं. घरी जायचं एसटीचं भाडंसुद्धा त्यात धरलेलं आहे, ते कुणी मागतच नाही. पण नातेवाईक म्हणाले की "आम्हाला स्वतंत्र खोली द्या", तर तिथे योजना संपते. खोली हवी की योजना, हे आधी घरात ठरवा.

नाव जुळण्याचं पुढच्या प्रतिसादात लिहिते, गॅसवर भाजी आहे.

वाटसरू

रानजाई ताई, फार उपयोगी माहिती. मला वाटायचं बँक दरवर्षी खात्यातून २० रुपये कापते तोच सरकारी आरोग्य विमा.

रानजाई

नाही हो. ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. अपघाती मृत्यू किंवा अपंगत्वासाठी, २ लाखांपर्यंत. चालू ठेवाच, पण रुग्णालयाच्या बिलाशी तिचा संबंध नाही.

तर, नावाबद्दल.

आईंचं नाव ज्या रेशन कार्डावर आहे ते तालुक्याच्या पुरवठा शाखेत ऑनलाईन झालंय का ते आधी बघा. कार्डाचा बारा अंकी ऑनलाईन क्रमांक असतो, तो लागतो. जुन्या पुस्तिकेवर हाताने लिहिलेला क्रमांक वेगळा. पुष्कळ घरांत आजी-आजोबांचं नाव पुस्तिकेत असतं आणि ऑनलाईन नोंदीत नसतं, कारण आधार जोडायच्या वेळी ते गावी नव्हते. रेशन दुकानदाराला अंगठा देऊन बघितलं की लगेच कळतं कोण कोण नोंदीत आहे.

मग ठरवा, दुरुस्ती रेशन कार्डात करायची की आधारात. माझं मत स्पष्ट आहे: बँक, पेन्शन, सातबारा जिथे जे नाव आहे त्याच्याशी जे जुळतं ते ठेवा आणि दुसरं बदला. बहुतेकदा आधार तसंच ठेवून रेशन कार्डात दुरुस्ती करणं सोपं पडतं. दुरुस्ती झाली की आयुष्मान अ‍ॅपवरून किंवा आपले सरकार केंद्रात, सीएससी केंद्रात जाऊन ई-केवायसी करा आणि कार्ड काढून घ्या. कार्डाला पैसे पडत नाहीत. नावात थोडा फरक असला तर अर्ज पडताळणीसाठी वर जातो आणि मंजूर व्हायला दिवस लागतात. म्हणूनच घरात सगळे धडधाकट असताना करून ठेवायचं. आयसीयूच्या दारात उभं राहून 'बाई' काढता येत नाही.

काजवा

हे सगळं कागदावर उत्तम आहे, पण माझा अनुभव कडू आहे आणि तोही इथे यायला हवा. चुलत्यांच्या खुब्याच्या हाडाच्या वेळी आम्ही कार्ड घेऊन गेलो. रुग्णालय यादीत होतं. तरी "योजनेचे बेड शिल्लक नाहीत, कॅश असेल तर आत्ता घेतो" असं सांगितलं. ८१ वर्षांचा माणूस स्ट्रेचरवर कण्हत असताना कोण वाद घालणार? भरले पैसे. योजना घराघरात पोचवण्याआधी रुग्णालयांना कुणी विचारणार आहे का?

रानजाई

काजवा, तुम्ही म्हणता ते होतं, मी डोळ्यांनी पाहिलंय. पॅकेजचे दर परवडत नाहीत, सरकारकडून पैसे उशिरा येतात, अशी रुग्णालयांची तक्रार असते. तिच्यात तथ्यही आहे. पण त्याची शिक्षा स्ट्रेचरवरच्या माणसाला कशासाठी?

त्या क्षणी करायची गोष्ट एकच. तिथेच उभं राहून १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० ला फोन लावायचा. आयुष्मानसाठी १४५५५. रुग्णालयाचं नाव, रुग्णाचं नाव, "बेड नाही असं सांगितलं" हे शब्द नोंदवून घ्यायचे आणि तक्रार क्रमांक लिहून घ्यायचा. पुष्कळदा तक्रार क्रमांक दाखवला की बेड सापडतो. आणि योजनेत नोंद झाल्यावर कुणी "बाहेरून औषध आणा", "वरचे वीस हजार द्या" म्हणालं, तर पावती मागा. पावती असेल तर जिल्हा समन्वयकाकडे तक्रार करता येते. अशा तक्रारींवर रुग्णालयाने पैसे परत केलेले मी पाहिलेत. पावती नसेल तर काही करता येत नाही.

अजून एक. रुग्णालय यादीत असलं तरी सगळ्याच आजारांसाठी असतं असं नाही. एखादं हाडांसाठी अंगीकृत (योजनेत घेतलेलं) असतं, हृदयासाठी नसतं. म्हणून "योजना आहे का?" असं विचारू नका, "हृदयासाठी योजनेत आहात का?" असं विचारा.

पिंपळपार

मी ७४ वर्षांचा आहे, सहकारी साखर कारखान्यातून निवृत्त. सांजवारा बाळ, तुझ्या वडिलांसाठी लिहितो, कारण ते काम मी नुकतंच केलं.

सत्तर वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झालं. उत्पन्न विचारत नाहीत, रेशन कार्डाचा रंग विचारत नाहीत. फक्त आधार. वर्षाला ५ लाखांपर्यंत, पती-पत्नी दोघंही सत्तरीच्या वर असतील तर दोघांत मिळून. आणि कुटुंब आधीच आयुष्मानमध्ये असेल तर घरातल्या सत्तरीच्या वरच्यांसाठी वेगळे ५ लाख, ते घरातल्या तरुणांबरोबर वाटून घ्यावे लागत नाहीत. खासगी विमा असला किंवा ईएसआयसी (नोकरदारांचा कामगार राज्य विमा) असलं तरी चालतं. केंद्र सरकारच्या सीजीएचएस किंवा माजी सैनिकांच्या ईसीएचएससारख्या योजनेत असाल तर मात्र दोन्हींपैकी एक निवडावं लागतं.

माझी अडचण अंगठ्याची झाली. चाळीस वर्षं कारखान्यात आणि उरलेल्या वेळात शेतात घालवलेला हात. रेषा राहिल्याच नाहीत. केंद्रावरच्या मुलीने ओल्या कपड्याने बोट पुसलं, कोरडं केलं, दहाही बोटं लावून पाहिली, मशीन दर वेळी लाल. ओटीपी घ्यावा तर आधारला जोडलेला नंबर मुलाचा आणि मुलगा सुरतेला. शेवटी ती म्हणाली, "आजोबा, चष्मा काढा आणि खिडकीकडे तोंड करा." मोबाईल चेहऱ्यासमोर धरला, डोळे मिचकवायला सांगितलं, आणि झालं. चेहरा ओळखून केवायसी होते हे मला ठाऊकच नव्हतं. दोन हेलपाटे वाचले असते.

बायको ६६ ची. तिला वय वंदना नाही, पण केशरी कार्डावर ती फुले योजनेत आहेच.

वय आधारवरचंच धरतात हे लक्षात ठेवा. आमच्या पिढीत पुष्कळांच्या आधारवर १ जानेवारी ही तारीख टाकलेली आहे आणि सालही अंदाजे. माझा मित्र खरा ७२ चा, आधारवर ६८. शाळेचा दाखला घेऊन आधार केंद्रावर फेऱ्या मारतोय बिचारा.

सांजवारा

काका, डोळ्यांत पाणी आलं वाचून. बाबांचे हातही असेच आहेत, ऊसतोडीचे. अंगठा लागत नाही म्हणून रेशनलाही भांडण होतं. चेहऱ्याचं नक्की सांगते त्यांना.

दीपमाळ

ईएसआयसीबद्दल कुणी सविस्तर लिहिलं नाही म्हणून लिहिते. घरातल्या एकालाही दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी नोकरी असेल आणि महिन्याचा पगार २१,००० पर्यंत असेल, तर ती व्यक्ती ईएसआयसीत यायला हवी. पगारातून ०.७५ टक्के कापतात, मालक ३.२५ टक्के घालतो. १६,००० पगाराला कापले जातात १२० रुपये. एवढ्यात नवरा-बायको, मुलं आणि अवलंबून असलेले आई-वडील. इथे बाह्यरुग्ण तपासणी आणि गोळ्यासुद्धा मिळतात, जे फुले योजनेत नाही. आमच्या सासूबाईंचं डायलिसिस यातूनच झालं.

मालक कापतो पण भरत नाही, किंवा नोंदच करत नाही, असं फार चालतं. पगाराच्या चिठ्ठीवर ईएसआयसीचा क्रमांक आहे का बघा. नसेल तर विचारा. तो मालकाने केलेला उपकार नाही, कायदा आहे.

आणि निवृत्त झालेल्यांसाठी: किमान पाच वर्षं विमाधारक राहून वयोमानाने निवृत्त झाला असाल, तर वर्षाला फक्त १२० रुपये भरून स्वतःचे आणि जोडीदाराचे उपचार चालू ठेवता येतात. महिन्याला नाही, वर्षाला. आमच्या कंपनीतून माझ्याबरोबर सुटलेल्यांपैकी एकालाही हे कुणी सांगितलं नव्हतं. मी स्वतः घरोघर जाऊन सांगितलं.

कृष्णाकाठ

मी रुग्णांच्या मदतीचं काम करतो. सांजवारा ताईंचं रुग्णालय धर्मादाय न्यासाचं होतं का हे मला माहीत नाही, पण "मोठं, जुनं, खासगी" असं वर्णन ऐकलं की माझा पहिला प्रश्न तोच असतो.

महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांना विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक प्रमाणे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेली ही योजना २००६ पासून लागू आहे. एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम रुग्णालयाला निर्धन रुग्ण निधीत टाकावी लागते. त्यातून गरिबांचे उपचार होतात. उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी वर्षाला १ लाख ८० हजार, दुर्बल घटकासाठी ३ लाख ६० हजार. छोट्या दुकानदाराचं, शिवणकाम करणाऱ्या घराचं उत्पन्न यात सहज बसू शकतं.

इथे यादीतल्या उपचारांची अट नाही, हे याचं बलस्थान. फुले योजनेत जे बसत नाही ते इथे बसू शकतं. तातडीच्या रुग्णाला अनामत न मागता दाखल करून घेणं आणि जीव स्थिर होईपर्यंत उपचार देणं या रुग्णालयांवर बंधनकारक आहे.

कुणाला भेटायचं? बिलिंग काउंटरवर जाऊ नका. "वैद्यकीय समाजसेवक कुठे बसतात?" असं विचारा. तिथे अर्ज, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड, आधार. उत्पन्नाचा दाखला मिळायला दिवस जातात, म्हणून तोही दरवर्षी काढून घरात ठेवा. मुख्यमंत्री सहायता निधीच्या अर्जालाही तोच लागतो.

उशीर झाला की या सगळ्या दरवाजांना कुलूप लागतं. डिस्चार्जच्या दिवशी मला फोन करणाऱ्या लोकांची संख्या पाहिली की रात्री झोप लागत नाही. भरतीच्या दिवशी फोन केला असता तर निम्म्या घरांचं कर्ज टळलं असतं.

वाटसरू

मी एकटा, वय ३१, घरून चित्रांचं आणि डिझाईनचं काम करतो. पांढरं कार्ड वडिलांच्या नावाने. ५ लाखांची खासगी पॉलिसी आहे, हप्ता भरताना दमछाक होते. या धाग्यावरून असं वाटायला लागलंय की ती बंद करावी. चूक होईल का?

नीलकंठी

वाटसरू, बंद करू नकोस. मी विम्याच्या क्षेत्रात काम करते, पण विकण्यासाठी लिहीत नाही, त्यामुळे कंपनीचं नाव घेणार नाही.

सरकारी योजना हा पाया आहे, पण यादीबाहेरचा उपचार असेल, जवळचं रुग्णालय योजनेत नसेल, किंवा परराज्यात काही झालं, तर हात रिकामे राहतात. पॉलिसी सोडून पाच वर्षांनी परत घ्यायला गेलास तर तोवर शुगर लागलेली असू शकते आणि प्रतीक्षा काळ, म्हणजे ज्या काळात त्या आजाराचा खर्च कंपनी देत नाही तो, पुन्हा पहिल्यापासून. आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ १ एप्रिल २०२४ पासून जास्तीत जास्त ३ वर्षं केलाय. सलग ६० महिने पॉलिसी चालली की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय कंपनीला "तुम्ही अमुक लपवलं" म्हणून दावा नाकारता येत नाही. तुझी इतकी वर्षं भरून झालेली आहेत, ती वाया घालवू नकोस.

हप्त्याचं ओझं मात्र थोडं कमी झालंय. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही. आधी १८ टक्के होता. म्हणजे २०,००० च्या मूळ हप्त्याला २३,६०० भरावे लागायचे, ते वरचे ३,६०० गेले. नूतनीकरणाच्या नोटिशीत मूळ हप्ता गुपचूप वाढवलेला नाही ना, ते मागच्या वर्षीच्या पावतीशी लावून बघ. जुन्या करप्रणालीत असशील तर स्वतःच्या कुटुंबासाठी २५,००० आणि ज्येष्ठ आई-वडिलांसाठी ५०,००० पर्यंतच्या हप्त्यावर वजावट आहे. नव्या प्रणालीत ती नाही.

सांजवारा ताई, तुमच्या घरासाठी माझं प्रामाणिक मत: आधी चौघांची आयुष्मान कार्डं काढा. मग परवडलं तर ५ लाखांच्या वरचा सुपर टॉप-अप बघा. त्यात वर्षाच्या पहिल्या ठरावीक खर्चाची जबाबदारी कंपनी घेत नाही, त्याच्या वरची घेते. त्यामुळे हप्ता साध्या पॉलिसीपेक्षा बराच कमी असतो. पण विकत घेण्याआधी एक गोष्ट लेखी विचारा: पहिली रक्कम सरकारी योजनेतून भरली गेली तर ती धरणार का? पॉलिसीप्रमाणे उत्तर बदलतं. तोंडी "हो हो" वर विश्वास ठेवू नका. घेतल्यावर ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते, तेवढ्या वेळात शांतपणे बसून वाचा.

आईंच्या हृदयाचा आजार अर्जात लपवू नका. एजंट सांगेल, "लिहू नका, काही होत नाही." होतं.

वाटसरू

पटलं. चालू ठेवतो. आणि वडिलांकडून कार्डाचा बारा अंकी नंबर मागवला आहे.

शेवंता

मी ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे. एवढी चर्चा झाली त्यात सरकारी दवाखान्याचं नाव कुणी घेतलं नाही याचं वाईट वाटलं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत सगळं मोफत आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण, उपजिल्हा, जिल्हा रुग्णालय. कार्ड लागत नाही, विमा लागत नाही. सगळं होत नाही आमच्याकडे, मान्य. पण बीपी-शुगरच्या गोळ्या, ईसीजी, रक्त तपासण्या होतात. आईंच्या पुढच्या गोळ्यांसाठी गावाजवळच्या केंद्रात नोंद करून ठेवा. गोळी संपली म्हणून महिनाभर न घेतलेली माणसं आमच्याकडे झटका येऊनच पोचतात. स्टेंट बसल्यावरची रक्त पातळ ठेवण्याची गोळी तर एक दिवसही चुकवायची नाही.

सांजवारा

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे, कारण दरम्यान गावी जाऊन आले.

पुरवठा शाखेत आईचं नाव दुरुस्त करायला दिलं. शपथपत्र, आधार आणि जुनी पुस्तिका, एवढं लागलं. ऑनलाईन नोंदीत बाबांचं नाव होतं पण वहिनीचं नव्हतंच, हे तिथेच कळलं. तिचंही दिलं. बाबांचं वय वंदना कार्ड झालं. अंगठा लागला नाहीच. मी म्हटलं चेहऱ्याने करा, तर केंद्रावरचा मुलगा म्हणाला तसं होत नाही. पिंपळपार काकांचा प्रतिसाद त्याला मोबाईलवर दाखवला. मग त्याने दुसऱ्या केंद्रावर फोन करून विचारलं आणि केलं. बाबांना फेटा काढायला सांगितला तर ते आधी तयारच होईनात.

आमच्या चौघांपैकी तिघांची कार्डं निघाली, धाकट्याचं आधार अद्ययावत करायचं राहिलंय. शेवंता ताई, आईची नोंद प्राथमिक आरोग्य केंद्रात केली, बीपीची गोळी तिथून मिळते आता.

काल आईला तपासणीसाठी त्याच रुग्णालयात नेलं होतं. ते टेबल अजून कूलरमागेच आहे. त्या मुलाशी बोलले. म्हणाला, जागा तो ठरवत नाही. मला वाटतं तो फलक अपघात विभागाच्या दाराशी असायला हवा. याबद्दल कुणाला लिहायचं?

रानजाई

जिल्हा समन्वयकांना अर्ज द्या आणि एक प्रत रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांना. दर्शनी भागात फलक आणि कक्ष असणं हे योजनेतल्या रुग्णालयांकडून अपेक्षितच आहे. अर्जाला दोन फोटो जोडा: एक अपघात विभागाच्या दारातून काढलेला, ज्यात टेबल दिसत नाही, आणि एक कूलरचा, ज्यात त्याच्यामागे टेबल दिसतं. आवक शिक्का मारलेली प्रत स्वतःकडे ठेवा. त्या मुलाचं नाव लिहू नका, त्याची नोकरी कंत्राटी असते.

सांजवारा

फोटो काढून ठेवलेत. सोमवारी देते.